प्रकाशक : सौ. नलू चाफले

सातारा
१४ जून १९९८

प्रिय नलूताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मुलांना पापा.

पुण्याहून कादंबरी परत आली. एवढे दिवस ठेवून घेतली, भेटायला बोलावलं, चहासोबत बिस्किटंही दिली, म्हणून मला वाटलं काम झालं. मग प्रकाशक म्हणाले, "लिहिता छान हो तुम्ही, पण कापसाचं जिनिंग इकडे कोणाला ठाऊक? त्याचा साखर कारखाना करता येईल का बघा. आणि शेवटची ती आग काढून टाका. उद्या कोणी कोर्टात गेलं तर आम्ही कुठे निस्तरत बसायचं?" म्हणजे भीती त्यांना माझ्याआधी वाटली. दुसऱ्या एकाने सांगितलं, छपाई तुमच्या खिशातून, निम्म्या प्रती तुम्हीच उचला, फक्त नाव आमचं. म्हणजे लग्नाचा खर्च आपला आणि वरात त्यांची.

तर आता मीच काढतो आहे. अडचण एकच. मी पाटबंधारे खात्यात. स्वतः प्रकाशक झालो तर परवानगी काढा, साहेबांना मजकूर दाखवा, सतरा भानगडी. वर्षाली झेडपीच्या शाळेत, तिचंही तेच. म्हणून विचारतो, प्रकाशक म्हणून तुझं नाव घालू का? नुसतं नाव. पहिल्या पानाच्या पाठीमागे बारीक अक्षरात असतं, कोणी वाचत नाही. माझ्यासारखे सगळे असंच करतात. कोणाची बायको प्रकाशक असते, कोणाची आई.

तुला काळजी वाटेल म्हणून सांगतो, सगळं बदललं आहे. गाव बदललं, माणसांची नावं बदलली. जिनिंगवाल्या शेठजींना तर मी भरघोस मिशी दिली आहे. राहिलं फक्त सीताबाईने तुझ्या ओट्यावर गहू निवडताना सांगितलेलं: बाया ओटीत कापूस नेतात म्हणून बाहेरून कडी घातली होती, आग लागली तेव्हा ती कोणी काढली नाही, दोघी आतच जळाल्या, आणि कागदावर त्या आपापल्या घरी स्टोव्ह भडकून मेल्या. एवढं राहिलंच पाहिजे. नावही 'बाहेरची कडी' असंच ठेवलं आहे.

लवकर कळव. छापखाना वर्ध्याचाच बघितला आहे.

तुझा
प्रफुल


सिंदी (रेल्वे)
२६ जून १९९८

चि. प्रफुल,

आशीर्वाद. वर्षालीलाही.

बाबा रे, लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलं गेलं नाही. आता एकदम प्रकाशक! उद्या लोक ऑटोग्राफ मागायला आले तर चष्मा लावून बसावं लागेल.

थट्टा राहू दे. मला भीती वाटते, हे मी तुला स्पष्टच लिहिते. आमचं कापडाचं दुकान शेठजींच्या चाळीत आहे हे तू विसरला नसशील. पाचजणांत ते यांना "वासुदेवराव, बसा" म्हणतात, तेवढ्यावर आमचं चाललं आहे. त्या आगीचं या गावात कोणी नाव काढत नाही. सीताबाईची सख्खी जाऊ त्यात गेली, तरी तीसुद्धा माझ्या ओट्याशिवाय कुठे बोलत नाही.

यांना मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. पण तू हट्ट धरलास आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं आहे? घाल नाव. बारीक अक्षरात मात्र, तू म्हणालास तसं.

नलूताई


सिंदी (रेल्वे)
२२ सप्टेंबर १९९८

चि. प्रफुल,

पुस्तकाचे दोन गठ्ठे काल छापखान्याच्या माणसाने थेट दुकानात आणून टाकले. घरचा पत्ता द्यायचा सोडून दुकानाचा दिलास होय रे? तोच छापलाही आहे. यांनी सुतळी कापली, पान उलटलं आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. मग मला म्हणाले, "नाव तुह्यं, पत्ता माह्या. अन् मले कोणी सांगतलं बी नाई." आणि सुतळीची गुंडाळी करून गल्ल्यात ठेवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुस्तक देखणं झालं आहे. कथेपर्यंत मी अजून पोचले नाही, मनोगत मात्र दोनदा वाचलं. तू तर सगळ्यांचेच आभार मानलेस! वर्षालीचे, हेडक्लार्कचे, मुद्रितं तपासणाऱ्या मास्तरांचे, छापखान्यातल्या चहावाल्याचे. आणि शेवटी, "जिनिंगमधले ते दिवस ज्यांनी मला सांगितले त्या सिंदीच्या सीताबाई, त्यांचं ऋण फिटणारं नाही." हे वाचून मला भरून आलं. म्हातारीला या जन्मात कोणी धन्यवाद म्हटलं नसेल.

मी एक प्रत तिला नेऊन दिली. तिने विचारलं, "माहं नाव कोणतं व्हय यातलं?" मी बोट ठेवून दाखवलं. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. "हे पुसून त नाई जात ना, बाई?" नाही जात म्हटलं. आता पुस्तक तांदळाच्या डब्यात आहे, उंदीर लागू नयेत म्हणून.

एक गठ्ठा यांनी आत माळ्यावर टाकला. दुसरा मी हट्टाने गल्ल्याजवळ मांडला आहे. प्रकाशक आहे शेवटी.

नलूताई


सातारा
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय ताई,

भाऊजींची माफी मागतो. पत्त्याचं खरंच लक्षात आलं नाही. त्यांना सांग, पुस्तक गाजलं की दुकानही गाजेल.

इकडे गाजण्याचं काही चिन्ह नाही. नागपूरच्या विक्रेत्याने निम्म्याहून जास्त कमिशन मागितलं, आणि एवढं देऊनही पुस्तक मासिकांच्या ढिगाखाली. म्हणाला, "तुमच्यासारखे दर आठवड्याला येतात साहेब, पिशवी घेऊन." सरकारच्या ग्रंथालय यादीसाठी अर्ज केला तर तिथल्या गृहस्थांनी विचारलं, प्रकाशनाची आणखी पुस्तकं कोणती? म्हटलं, हे पहिलंच. त्यांनी फाइल अशी मिटली की मलाच मिटल्यासारखं वाटलं. आपल्यासारख्यांना दार कुठून असतं, तेच कळत नाही.

सीताबाईचं वाचून मात्र सगळं भरून पावलं. नावं बदलली ती कथेत. मनोगत म्हणजे आपलं मन, तिथे आभार मानताना कोण लबाडी करतं? ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्यायचं, एवढीच रीत मला ठाऊक आहे.

प्रफुल


सिंदी (रेल्वे)
१५ ऑक्टोबर १९९८

चि. प्रफुल,

तुला आनंद होईल अशी बातमी आहे. मला का होत नाही, ते कळत नाही.

काल शेठजींचे मुनीम अण्णाजी दुकानात आले. पांढरं धोतर, कपाळाला गंध, बोलणं साखरेचं. म्हणाले, "वहिनी, आपल्या सिंदीत पुस्तक निंगालं अन् आमाले पत्ता नाई?" पुस्तक हातात घेतलं. कथा उघडली नाही. उभ्याउभ्या मनोगत वाचलं, अगदी चहावाल्यापर्यंत. मग विचारलं, "ह्या सीताबाई कोन म्हनाच्या? लय मोठं मन हाये तुमच्या भावाचं, गरिबाची कदर करते."

मी मेली फुशारून गेले. सांगितलं सगळं. स्टेशनच्या पलीकडे, बोरीच्या झाडाजवळचं घर, एकटीच राहते, माझ्याकडे निवडण-टिपण करते. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "दिवाळीले वाटाले होतात," आणि गल्ल्याजवळच्या सगळ्या प्रती बांधून नेल्या. वर्ध्याला स्टँडवरच्या दुकानात ठेवल्या होत्या त्याही कोणीतरी एकदमच उचलल्या, असं छापखान्याचा माणूस सांगत होता.

अण्णाजी गेल्यावर यांनी कापड मोजायचं थांबवलं, मीटरपट्टी हातातच होती. मग म्हणाले, "तो मानूस पेपर बी मांगून वाचते, नलू. तू त्याले घर काऊन सांगतलं?"

मी मूर्खपणा केला का रे?

नलूताई


सातारा
२४ ऑक्टोबर १९९८

प्रिय ताई,

अगं, तू घाबरतेस कशाला? पहिली आवृत्ती संपत आली! पुण्याच्या त्या बिस्किटवाल्या प्रकाशकांना पत्र टाकावंसं वाटतं. शेठजी दिवाळीला माझी कादंबरी वाटतात म्हणजे मिशीने काम चोख केलं आहे. स्वतःला ओळखलं असतं तर माणूस स्वतःच्या पैशाने वाटेल का?

माळ्यावरचा गठ्ठाही खाली काढ. भाऊजींना म्हणावं, मीटरपट्टी ठेवा आणि पुस्तकं विका.

दिवाळीच्या शुभेच्छा जरा उशिरा.

प्रफुल


सिंदी (रेल्वे)
७ नोव्हेंबर १९९८

चि. प्रफुल,

तुझं पाकीट या वेळी फारच घट्ट चिकटवलं होतंस. काढताना फाटलं.

ती पुस्तकं कोणालाही वाटलेली नाहीत. जिनिंगमागच्या खड्ड्यात कापसाचा कचरा जाळतात तिथे जाळली. आमचा कवडू, यांच्या मावशीचा मुलगा, तिथे गाडी घेऊन गेला होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं.

भाऊबीज झाल्यावर दोन माणसं सायकली घेऊन सीताबाईच्या दारात येऊन उभी राहिली. शिवी नाही, धमकी नाही. फक्त विचारलं, "म्हातारे, आनखी कोनाकोनाले काय काय सांगतलं?" आणि उभीच राहिली. ती घरात बसली, ते बाहेर. जाताना एकाने तिच्या दाराची बाहेरची कडी लावून घेतली. शेजारणीने काढली तेव्हा ही कोपऱ्यात लुगड्यात पाय घेऊन बसली होती. प्रफुल, तुझं पुस्तक त्यांनी वाचलं आहे. नीट वाचलं आहे.

अण्णाजी परत आले होते. आवाज तसाच गोड. त्यांना माझ्याकडून कागद हवा: पुस्तकातलं सगळं खोटं, सीताबाईने काही सांगितलेलं नाही, पुस्तक मागे घेत आहे. खाली प्रकाशकाची सही. तो पेपरात छापतील. उरलेल्या प्रतीही द्यायच्या. "तुमच्या भावाची सही नोको, वहिनी. मालक तुमी."

बारीक अक्षर कोणी वाचत नाही म्हणाला होतास. मी आता कादंबरी वाचून काढली आहे. कडी वाजली की मी आधी खिडकीतून बघते. पोरांना शाळेत हे स्वतः सोडतात. तू चार दिवसांची रजा काढून ये. मला सुचत नाही.

नलूताई


सातारा
१७ नोव्हेंबर १९९८

प्रिय ताई,

पाकीट मी नेहमीसारखंच लावलं होतं, पोस्टाचंच होतं. पण ते जाऊ दे.

तुझं पत्र वाचून मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. मी येणारच होतो, पण काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नागपूरहून कोणाचा तरी फोन आला होता. "तुम्ही पुस्तकं लिहिता म्हणे? प्रकाशक कोण?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, नातेवाईक. आत्ता रजा मागितली तर सरळ सिंदीचं नाव येईल. वर्षालीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

सीताबाई कुठे आहे? तिला म्हणावं, कोणाशी एक अक्षर बोलू नको. तू तिच्याकडे जाऊ नकोस. तिला एकटीला ठेवू पण नकोस. काय लिहितो आहे मी, मलाच कळत नाही. ती कुठे आहे ते आधी कळव.

प्रफुल


सिंदी (रेल्वे)
२७ नोव्हेंबर १९९८

चि. प्रफुल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुमची खुशाली कळवावी.

सीताबाई गावात नाही. घराला कुलूप आहे. कुठे गेली ते मला माहीत नाही आणि माहीत करून घेण्याचं कारणही नाही. ती आमच्याकडे कामाला येत असे, तेवढाच संबंध. उरलेली पुस्तकं वाळवीने खाल्ल्यामुळे यांनी विहिरीत टाकली. कागदाबद्दल विचार करून सांगते असं अण्णाजींना म्हटलं आहे. ते फार सज्जन गृहस्थ आहेत.

थंडी पडू लागली आहे. तब्येतीस जपावे.

सौ. नलू चाफले


सातारा
८ डिसेंबर १९९८

प्रिय ताई,

तुझं पत्र म्हणजे परक्या बाईचं पत्र. मी तुझ्यावर संकट आणलं म्हणून रागावली असशील, तर तो राग मला मान्य आहे. सीताबाईचं काय झालं असेल, या विचाराने घास उतरत नाही. तिचं काही बरंवाईट झालं असलं, तर ते माझ्या त्या एका ओळीने झालं.

पण ताई, जे झालं ते झालं. आता तू तरी वाच, आणि मलाही वाचव. परवा पुन्हा केबिनमध्ये बोलावणं आलं. बदली म्हणतात, चौकशी म्हणतात. दोन्ही पोरं लहान आहेत. अण्णाजींना हवा तो कागद दे. आणि नुसतं "सीताबाईने सांगितलं नाही" यावर ते थांबणार नाहीत, म्हणून असं लिही: सीताबाई ही वेडसर बाई आहे. जावेच्या मृत्यूनंतर तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ती मनात येईल ते बोलते, तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवू नये, लेखक तिच्या बडबडीला फसला. नाहीतरी ती आता गावात नाही. तिला कळणार आहे थोडंच? याने कोणाचंच नुकसान होत नाही.

मी पुन्हा लिहिणार नाही. जे लिहिल्यावर माणसं दारं लावून बसतात, ते कशाला लिहायचं?

सही कर, ताई. पाया पडतो.

प्रफुल


वर्धा
१९ डिसेंबर १९९८

प्रफुल,

हे पत्र मी बोरगाव मेघेला कवडूच्या घरी बसून लिहिते आहे आणि वर्ध्याच्या पोस्टात स्वतःच्या हाताने टाकणार आहे. सिंदीत आपली पत्रं फोडतात. ऑक्टोबरच्या पाकिटाचा डिंक मी हाताने चाचपून पाहिला, तो वरून लावलेला होता. तुला कळावं म्हणून पाकिटाचं लिहिलं, तुला कळलं नाही. मग मागचं पत्र मी तुझ्यासाठी लिहिलंच नाही. ते त्यांनी वाचावं म्हणून लिहिलं.

सीताबाई आमच्याजवळ आहे, दुकानामागच्या खोलीत. दाराला कडी लावली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कवडूची गाडी घेऊन गेले आणि कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये तिला बसवून मागच्या दाराने आणलं. मला विचारलं नाही, तिला विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पत्ता माह्या दुकानाचा हाये ना? मंग बाई बी माह्याच पत्त्यावर राहीन." तुझी पुस्तकंही विहिरीत नाहीत. माळ्यावरचा गठ्ठा आतल्या खोलीत आहे, ती त्यालाच टेकून बसते. अण्णाजी पुढे दुकानात बसून माझ्या हातचा चहा पितात आणि एका भिंतीपलीकडे ती खोकला दाबून धरते. ती खोकली तर ऐकू जाऊ नये म्हणून मी कपबशा मुद्दाम वाजवत राहते.

आता तुझ्या पत्राचं. ती रोज विचारते, "भाऊचं पत्र आलं काय?" आलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की आधी स्वतः वाचायचंही सुचलं नाही. तिच्यासमोर बसून, हळू आवाजात, तिला वाचून दाखवायला घेतलं. तुझ्या घशाखाली घास उतरत नाही हे ऐकून तिचे डोळे भरले. मग पुढे ती ओळ आली आणि ती माझ्या तोंडून निघून गेली: सीताबाई ही वेडसर बाई आहे.

मी थांबले. ती म्हणाली, "वाच ना बाई. काऊन थांबली?"

खोटं रचून वाचायला मला जमलं नाही, प्रफुल. माझा चेहरा ती माझ्यापेक्षा चांगला वाचते. मी सगळं वाचलं. बडबडसुद्धा वाचली, आणि "तिला कळणार आहे थोडंच" हेही वाचलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती, त्या तशाच सोलत राहिली. मी रडायला लागले, तर मलाच गप्प केलं. मग बोलली, "लिहून दे बाई. भाऊले लेकरं हायेत. कोनी वेडी म्हटल्यानं मी काई मरून नाई राह्यली. पन जाऊ माही वेडी नोती. तिनं दार लय वाजवलं. तेवढं पुस्तकात राहू दे म्हना."

मी हे तुझ्यावर रागावून लिहीत नाही. मीही भित्रीच आहे. आत्ता इथे अंगणात कोणी सायकल टेकवली तेव्हा माझं लिहिणं थांबलं. तुझी नोकरी, तुझी पोरं, मला सगळं दिसतं. पण मी सही करणार नाही. तूच मला मालक केलंस. मागे घेतो असा कागद माझ्या सहीशिवाय होत नाही, हे अण्णाजींनीच मला शिकवलं. तुला साहेबांनी विचारलं तर सांग, बहीण ऐकत नाही. ते खरंही आहे.

आम्ही दुकान सोडत आहोत. शेठजींनी सांगण्याआधीच यांनी फळ्या उतरवायला घेतल्या. या आठवड्यात आम्ही निघू, सीताबाई आणि गठ्ठा बरोबर. कुठे जाणार ते तुला लिहीत नाही. तू घाबरलास की काय लिहितोस, ते मी वाचलं आहे.

पत्र कवडूच्या पत्त्यावर टाक, तो पोचवेल. लिही मात्र नक्की, ती वाट पाहते. आणि तिला मोठ्याने वाचून दाखवता येईल असं लिही.

तुझी
नलूताई